बेळगावच्या दोन ‘कोरोना बॅच’

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, सवडीनं वाचा. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळांत ज्यांची पोरं त्या दोन वर्षांत दहावीला होती, त्यांनी तर जरूर वाचा.

आपल्याकडं सध्या विशीतल्या पोरांना एक शिक्का बसलाय. नोकरीला गेलं की दहावीचं साल बघतात आणि विचारतात, “कोरोना बॅच काय?” उद्यमबागेत विचारतात, लग्नाकार्यात पाहुणे विचारतात. विचारण्यात एक हसू असतं. म्हणजे फुकट पास झालेले. माझं म्हणणं एवढंच, की बेळगावात कोरोनाच्या एक नाही, दोन बॅच झाल्या, त्या एकमेकींसारख्या नव्हत्या, आणि फुकट पास हा शब्द दोघींनाही बसत नाही. २०२० आणि २०२१ या दोन्ही साली मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात दहावीला मराठी शिकवत होते, म्हणून हे मांडते.

आधी २०२० ची बॅच. या पोरांचं वर्ष मार्चमध्ये बिघडलं नाही, ते ऑगस्ट २०१९ मध्येच बिघडलं होतं. त्या महिन्यात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, मार्कंडेयाचं पाणी शेतात शिरलं, शाळांना सुट्ट्या पडल्या. नंतर शनिवार-रविवार जादा तास घेऊन तो बुडालेला भाग भरून काढला. मार्चच्या सुरुवातीला पोरं तयार होती. परीक्षा २७ मार्चला सुरू व्हायची होती.

देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू आपल्याच राज्यात झाला, कलबुर्गीत. कर्नाटकानं ११ मार्चलाच साथरोग नियम लागू केले. हे नियम ज्या कायद्याखाली निघाले तो १८९७ चा, मुंबई-पुण्यात प्लेग होता तेव्हा इंग्रजांनी केलेला. आमच्या आजीच्या पिढीत वय सांगायची पद्धत होती, ‘पिलेगाच्या सालचा’, ‘मानमोडीच्या सालचा’. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. प्लेगात गाव ‘बाहेर पडायचं’, म्हणजे घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायचं. टिळकवाडीत आपण सकाळी फिरायला जातो तो व्हॅक्सिन डेपोसुद्धा साथीचीच आठवण आहे, तिथं देवीची लस तयार व्हायची. सांगायचा मुद्दा, माणसाला साथीच्या सालाचं नाव चिकटणं आपल्याकडं नवीन नाही. फक्त पूर्वी त्यात हसू नव्हतं.

तर मार्चच्या मध्यापासून खालच्या वर्गांना सुट्टी झाली. पहिली ते सहावीची पोरं परीक्षेविना वर गेली, मागाहून सातवी-आठवीही, आणि नववीचा निकाल वर्षभराच्या कामावर लागला. एरवी आपल्याकडं एप्रिलच्या दहा तारखेला निकाल असतो. पोरं नवे कपडे घालून येतात, पेढे वाटतात, नंतर आजोळी पळतात. त्या वर्षी दहा एप्रिलला शाळेचं फाटक कुलूपबंद होतं. शिपाईमामा तेवढे येऊन झाडांना पाणी घालून जायचे. दहावीचा निरोप समारंभ आम्ही मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवला होता, तो झालाच नाही. दहावीची परीक्षाही पुढं ढकलली. कधी होणार, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता सीमेवरची गंमत बघा. बाची आपल्याकडं, शिनोळी पलीकडं, चंदगड तालुक्यात. दोन्ही गावांत एकच बोली, एकमेकांत सोयरिकी. महाराष्ट्राची दहावी ३ मार्चला सुरू झाली होती. टाळेबंदी लागली तेव्हा तिकडच्या पोरांचा भूगोल तेवढा राहिला होता. तोही पुढं रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीनं दिले. म्हणजे शिनोळीतली मामेबहीण मार्चमध्येच मोकळी झाली आणि बाचीतली आतेबहीण तीन महिने तेच पुस्तक घेऊन बसली. मधल्या नाक्यावर पोलीस. दोघींचं बोलणं फोनवर. ही पोर मला फोन करून विचारायची, “टीचर, परीक्षा होतंय काय न्हाई, एकदा सांगा की.” मी काय सांगणार, मीही टीव्हीच बघत होते.

तीन महिने अभ्यास टिकवून धरणं म्हणजे काय, ते मोठ्या माणसांनाही जमत नाही. बाप फौंड्रीत कामाला, फौंड्री बंद. घरात रेशनची काळजी. मे सरला, मिरग आला, पोरं पेरणीला गेली. कितीएक जणांनी सांगितलं, “टीचर, वाचलेलं सगळं विसरलंय.” आम्ही व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवायचो, उत्तराचे फोटो यायचे, काही फोटोंत वहीच्या कडेला चिखलाचा अंगठा असायचा.

शेवटी परीक्षा झाली. २५ जूनला सुरू. शेजारच्या कित्येक राज्यांनी रद्द केली, कर्नाटकानं घेतली. राज्यभर साधारण साडेआठ लाख पोरं बसली. एका वर्गात अठरा ते वीसच, दारात ताप मोजायचा, हातावर सॅनिटायझर, तोंडाला मास्क. हॉलतिकीट हाच प्रवासाचा पास. बरोबर होतं का ते घेणं? तेव्हा मी विरोधात होते. घरी म्हातारी सासू, वर्गात पर्यवेक्षण, रात्री झोप लागायची नाही. आज मात्र त्या पोरांकडं बघून मला ते तितकं वाईट वाटत नाही, कारण त्यांच्या हातात खरा पेपर लिहिल्याचा पुरावा आहे. हे मत सगळ्यांना पटेल असं नाही, आणि ज्यांच्या घरात त्या दिवसांत कुणी गेलं त्यांना तर नाहीच पटणार.

पहिला पेपर इंग्रजी, मग गणित, विज्ञान, समाजविज्ञान. २ जुलैला मराठी, आमची प्रथम भाषा, शंभर गुणांचा सगळा लेखी पेपर. ३ जुलैला तृतीय भाषा कन्नड. म्हणजे मराठी शाळेतलं दहा वर्षांचं शिक्षण संपलं ते कन्नड पेपरावर, हे इकडचं नेहमीचंच. एरवी शेवटच्या पेपरानंतर फाटकाबाहेर रंग, शाई, गळाभेटी, शर्टावर सह्या, कोपऱ्यावर कोल्ड्रिंक. त्या दिवशी पावसात पोरं लांब लांब उभी होती. घोळका करू नका म्हणून आम्हीच ओरडत होतो. दोन मिनिटांत मैदान मोकळं झालं. तिथंच त्यांचा निरोप समारंभ झाला म्हणायचा.

निकाल १० ऑगस्टला, राज्याचा ७१.८० टक्के. महाराष्ट्राचा २९ जुलैला लागला होता, ९५.३०. आता सांगा, शंभरातली अठ्ठावीस पोरं ज्या परीक्षेत नापास झाली ती फुकट पास कशी?

आता दुसरी बॅच, २०२१ ची. हिची गोष्ट मला जास्त लागते.

या पोरांना शाळाच मिळाली नाही. जून २०२० ला शाळा उघडल्या नाहीत. चंदना वाहिनीवर पाठ सुरू झाले, ते कन्नड आणि इंग्रजी माध्यमाच्या पोरांना धरून. आमच्या पोरांना कन्नड येतं, खरं विज्ञान कन्नडमधून ऐकून मराठीत लिहायचं म्हणजे अवघड. पालक म्हणायचे, सह्याद्रीवर मराठीत ‘तिलीमिली’ लागतंय, ते बघू दे की. ती मालिका चांगली होती, खरं ती पहिली ते आठवीची, आणि महाराष्ट्राच्या बालभारतीवर बेतलेली. आमची पुस्तकं मराठीत असली तरी अभ्यासक्रम कर्नाटकाचा. धडे वेगळे, क्रम वेगळा. दोन्हीकडून आमची पोरं मधल्या मध्ये. शेवटी मराठी माध्यमाच्या शिक्षकांनीच एकमेकांत विषय वाटून घेतले, मोबाईल पुस्तकांच्या चवडीवर ठेवून व्हिडिओ काढले. आमच्या एका सरांच्या गणिताच्या व्हिडिओत मागं सतत कोंबडा आरवतो. पोरांना प्रमेय विसरलं असेल, कोंबडा नाही विसरला.

ऑगस्टपासून ‘विद्यागम’ आलं. पोरं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शिक्षकांनी गावात जायचं. कुठं मारुतीच्या देवळात, कुठं समुदाय भवनात, कुठं झाडाखाली. खेड्यात हे खरोखर चाललं. मी एका गावात देवळाच्या कट्ट्यावर व्याकरण घेतलं, समोर पंधरा पोरं आणि त्यांच्यामागं तीन आज्ज्या. त्यातली एक आज्जी दुसऱ्या आठवड्यापासून उत्तरं द्यायला लागली. ऑक्टोबरमध्ये शिक्षकांना लागण व्हायला लागली आणि ते बंद पडलं. १ जानेवारी २०२१ ला दहावीचे वर्ग उघडले. तीन-साडेतीन महिने काय ते वर्गात बसायला मिळालं. एप्रिलमध्ये दुसरी लाट.

ती लाट पहिलीसारखी नव्हती. पहिलीत भीती जास्त होती, दुसरीत माणसं गेली. माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे वडील त्या मे महिन्यात गेले. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

परीक्षा २१ जूनला ठरली होती, तीही पुढं गेली. ४ जूनला त्या वेळचे शिक्षणमंत्री सुरेश कुमार यांनी जाहीर केलं, की बारावी रद्द, दहावी मात्र होणार, खरं दोनच दिवसांत. १९ जुलैला गणित, विज्ञान, समाजविज्ञान एकत्र. २२ जुलैला तिन्ही भाषा एकत्र. प्रत्येक विषयाला चाळीस प्रश्न, चार पर्याय, ओएमआर पत्रिकेवर गोल काळे करायचे. एका खोलीत बाराच पोरं.

महाराष्ट्रानं त्या वर्षी दहावी रद्द केली होती. नववीचे आणि अंतर्गत गुण धरून निकाल लागला १६ जुलैला, ९९.९५ टक्के. शिनोळीत शुक्रवारी पेढे वाटले आणि बाचीची पोरं सोमवारी परीक्षेला गेली. कुणाचं नशीब चांगलं म्हणायचं? मला अजून ठरवता येत नाही.

२२ जुलै २०२१ ही तारीख अनेकांना चिपळूणच्या महापुरानं आठवत असेल. तोच पाऊस खानापूर-कणकुंबीलाही धरून होता. ऐन रोप लावणीचे दिवस. जंगलातल्या गावांतली पोरं बापाच्या गाडीवर, अंगावर प्लास्टिक घेऊन आली. हॉलतिकीट पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. आणि त्या दिवशी त्यांनी मराठीचा पेपर दिला, चाळीस गोल.

मराठीच्या शिक्षिकेला हे कसं सांगू? निबंध नाही, पत्र नाही, कवितेचा अर्थ आपल्या शब्दांत नाही, सारांश नाही. योग्य पर्याय निवडा. आमच्याकडं प्रथम भाषा मराठी घेणाऱ्या पोरासाठी दहावीचा निबंध ही बहुतेक वेळा मराठीत लांबलचक काही लिहिण्याची शेवटची वेळ असते. पुढं अकरावीला इंग्रजी किंवा कन्नड, आयटीआय, डिप्लोमा. बँकेचा अर्ज कन्नड नाहीतर इंग्रजी. लग्नाची पत्रिका सोडली तर मराठी लिहायचा प्रसंग येतच नाही. महाराष्ट्रातल्या पोराला निबंध चुकला तर पुढं चार ठिकाणी मराठी लिहावंच लागतं. इकडच्या पोराचा तो चुकला तो चुकलाच. त्या बॅचनं शाळेतलं शेवटचं मराठी लिहिलं ते, गंमत बघा, ओएमआरवर नाव आणि सही एवढंच, आणि कित्येकांनी तीही सही इंग्रजीत केली.

निकाल ९ ऑगस्टला, ९९.९९ टक्के. पावणेनऊ लाखांच्या आसपास पोरांत एकच राहिला, ज्यानं आपल्या जागी दुसऱ्याला बसवलं होतं. यावरच सगळी थट्टा चालते. खरं त्या पोरांना पास करा म्हणून कुणी मोर्चा काढला नव्हता. दीड वर्षात जेमतेम चार महिने शाळा मिळालेली, काहींच्या घरात नुकतंच सुतक फिटलेलं, आणि बोलावलं तेव्हा ती भर पावसात आली. त्यांच्याकडून घेतलं ते आठ-दहा ओळी सलग लिहिण्याची सवय, आणि बदल्यात दिला तो हा शिक्का.

त्या वर्षीचा निरोप समारंभही झाला नाही. डिसेंबरमध्ये गुणपत्रिका न्यायला पोरं एकेक करून आली. मी दारातच प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, शाळेबद्दल काहीही लिहा, पंधरा ओळी, मराठीत. काही जण हसले, काही “गडबड हाय टीचर” म्हणून गेले. बावीस कागद आले. अक्षर बिघडलेलं, ऱ्हस्व-दीर्घाची दाणादाण, ‘आणि’च्या जागी सगळीकडं ‘व’. एकानं लिहिलं होतं, की वर्गात बसलेल्या तीन महिन्यांत आपल्याला खिडकीजवळची जागा मिळाली होती आणि तीच आठवते. कागद माझ्याकडं आहेत. त्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल तर येऊन आपला घेऊन जा.

पुढच्या वर्षी, २०२२ ला, परीक्षा पुन्हा वेळेवर झाली, २८ मार्च ते ११ एप्रिल. पहिल्याच दिवशी प्रथम भाषा. ही पोरं मार्च २०२० मध्ये आठवीत होती, त्यांची नववी तर जवळजवळ सगळी घरीच गेली. पेपर वाजवी होता, निबंध होता, पत्र होतं. मी दुसऱ्या शाळेत पर्यवेक्षणाला होते. अर्ध्या तासानं पोरं पेन खाली ठेवून हात झटकायला लागली, बोटं दुखत होती. एका पोरीनं हळूच विचारलं, “टीचर, पुरवणी कशी बांधायची?” तिच्या टेबलावर दोरा ठेवला आणि बांधून दाखवली. तिनं चार पुरवण्या घेतल्या.