आहेराच्या वहीत न आलेली कौदी

गाणगापूर म्हटलं की निर्गुण पादुका, भीमा-अमरजेचा संगम आणि पाच घरची माधुकरी आठवते. आज मात्र या भागातल्या मराठी घरांमध्ये लेकीबाळींना हाताने करून द्यायच्या वस्तूंबद्दल लिहितो.

पहिला मान बाळंतविड्याचा. लेक बाळ घेऊन माहेराहून सासरी निघाली की बरोबर अंगडं, टोपडं, कुंची, लाळेरं, दुपटं आणि कौदी. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात, सोलापूरकडे वाकळ, आणि आमच्याकडे कानडीच्या शेजारामुळे कौदी. जुन्या पातळांचे, धोतरांचे थर अंथरायचे आणि धावदोरा घालत जायचं. नवं कापड बाळाला टोचतं, म्हणून जुनेरंच लागे. हे आजीचं पातळ, ही काकूची चोळी, असा एकेका तुकड्याचा धनी सांगता येई.

यात माया होती, तशी परिस्थितीही होती. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सोलापूर तसं जवळ, तिथली जुनी गिरणी 1877 सालची, पण ते इंग्रजांच्या हद्दीत. बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. नाणंही वेगळं. इकडे हाली, तिकडे कलदार, आणि साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशेब. अशा वेळी दुकानातलं खेळणं म्हणजे चैनच. दुसऱ्या महायुद्धात कापडावर कंट्रोल आला, तेव्हा तर फाटकं पातळसुद्धा जपून ठेवावं लागे.

खेळणी घरातच होत. ज्येष्ठ अमावास्येला, कानडीत मण्णेत्तिन अमावास्ये, काळ्या मातीचे बैल करून पुजायचे. थोरल्याने धाकट्याला बैलजोडी आणि गव्हाण करून द्यायची. मुलुख ज्वारीचा, म्हणून धाटं सोलून गाडी, आतल्या भेंडाची चाकं. मुलींना चिंध्यांची बाहुली. तिचे डोळे काजळाचे, त्यामुळे आंघोळ घातली की बाहुली आंधळी!

नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने. मंद शेगडीवर परात ठेवून, पाक थेंबथेंब घालत, बोटांनी तीळ हलवत बसायचं. काटा यायला दिवस लागत आणि बोटं भाजत. कार्तिक पौर्णिमेला सासरहून ठरलेल्या मुलीला साखरेच्या आरत्या येत. लाकडी साच्यात साखरेचा पाक ओतून केलेली ती चित्रं. ही कानडी घरांची चाल आमच्याही घरांत रुळली होती.

आता मुद्द्याचं. हे सगळं करायचं कोण? अनेक मोठ्या घरांत एखादी बालविधवा आत्या किंवा काकू असायची. तिच्या हातात पैसा नसे, नावावर काही नसे. हिंदू स्त्रीला वारशाने आलेल्या मालमत्तेवर पूर्ण मालकी मिळाली ती 1956 च्या वारसा कायद्याने, आणि तोवर अशा बऱ्याच जणींचं आयुष्य चुलीपाशीच सरलं होतं. भाचीला, पुतणीला स्वतःचं म्हणून काही द्यावंसं वाटलं तर तिच्यापाशी एक सुई आणि दुपारचा वेळ. तेवढ्यावर तिने घरातल्या सगळ्या नातवंडांना ऊब दिली.

मी जन्मभर बँकेत नोंदी तपासल्या. जुन्या घरांतल्या आहेराच्या वह्याही चाळल्या आहेत. त्यांत पातळ कुणी दिलं, पेला कुणाचा, रोख किती, सगळं नावानिशी लिहिलेलं. कौदी मात्र कुठेच नाही. तिला बाजारभाव नव्हता, म्हणून देणारीचं नावही राहिलं नाही. दोन-दोन महिने खपून केलेलं काम आणि जमेला शून्य!

त्याच 1956 मध्ये 1 नोव्हेंबरला भाषावार रचना झाली. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, सोलापूर-अक्कलकोट तेव्हाच्या मुंबई राज्यात राहिलं. सख्ख्या बहिणींची मुलं दोन राज्यांत वाढली. इकडची कानडी शाळेत जाऊ लागली, आणि आजोळचं मराठी पत्र त्यांना आईकडून वाचून घ्यावं लागे. बाळंतविडा मात्र दोन्हीकडून येत-जात राहिला.

आज पाकीट देतात, किंवा मोबाइलवरून पैसे पाठवतात. त्यात वाईट काही नाही. सुनाही नोकरी करतात, वेळ कुठून आणायचा? पण तुमच्या ट्रंकेत एखादी जुनी कौदी असेल तर घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला आजच विचारा, ही कुणी शिवली? उत्तर मिळालं की पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर नाव लिहून तो आतल्या बाजूला टाचून ठेवा. सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. वहीत राहून गेलेली नोंद निदान कौदीवर तरी होऊ द्या.