बिल्जमधील दुर्गंधी
शिडाच्या नौकेतील तळफळ्यांखालच्या सर्वांत खोल भागास बिल्ज म्हणतात. गळती, पाऊस व इंजिन यांचे पाणी तेथे साचून कुजल्यास नौकेत दुर्गंधी पसरते.

कारणे
समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते. साचलेल्या पाण्यातील प्राणवायू संपला की काही जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांसारखा वास या वायूचाच असतो. डिझेल, वंगण व अन्नकण यांमुळे दुर्गंधी वाढते. हा वायू विषारी असून मोठ्या प्रमाणात घ्राणशक्ती बधिर करतो. त्यामुळे वास थांबणे हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे.

उपाय
सुगंधी द्रव्ये वास केवळ झाकतात. प्रथम झडपा व तळफळ्या उघडून हवा खेळू द्यावी. नंतर पाणी उपसून, गाळ काढून, तळ साबणाने धुऊन कोरडा करावा. निचऱ्याची छिद्रे मोकळी करावीत. पुन्हा साचलेले पाणी खारे असल्यास समुद्राच्या पाण्याची गळती, तर गोडे असल्यास पाऊस किंवा टाकीची गळती संभवते. तेलकट पाणी समुद्रात सोडू नये.

दीर्घ सफरी
दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत भर समुद्रात बाहेरची मदत मिळत नसल्याने बिल्जची नियमित तपासणी महत्त्वाची ठरते.