सावलीतलं पीक

चीनच्या सम्राटासाठी नकाशे काढत फिरणारे फ्रेंच जेझुइट पाद्री पिएर जार्तू यांनी १७०९ साली मांचुरियाच्या बाजूला जिनसेंग या औषधी मुळाचं रोप पाहिलं. १७११च्या पत्रात त्यांनी त्याचं चित्र आणि वर्णन धाडलं. असेच डोंगर आणि असंच रान कॅनडात आहे, तेव्हा तिथेही हे रोप सापडावं, असा अंदाजही त्यांनी मांडला. ते पत्र वाचून जोसेफ-फ्रान्स्वा लाफितो या पाद्र्यांनी मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या वस्तीभोवतालचं रान धुंडाळलं. १७१६ मध्ये जिनसेंगचाच सख्खा भाईबंद त्यांच्या हाती लागला. मोहॉकांना मात्र तो औषध म्हणून आधीपासून ठाऊक होता.

चीनमध्ये जिनसेंगच्या मुळांना मोठा भाव मिळत असल्याने रानोरान खणती सुरू झाली. १७५२ च्या सुमारास लोभापायी मुळं अवेळी उपटून भट्टीत घाईने वाळवली गेली. चिनी व्यापाऱ्यांनी ती नाकारली आणि कॅनडाचा व्यापार कोसळला. पुढे १७८४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे अमेरिकी जहाज जवळपास ३० टन जिनसेंग घेऊन न्यूयॉर्कहून कॅन्टनला निघालं. एवढा उपसा झाल्यावर रान रितं होत गेलं, यात नवल नाही.

त्या टंचाईतून लागवड आली. १८८०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या जॉर्ज स्टँटन यांनी वाफ्यांवर लाकडी पट्ट्यांचे मांडव घालून रानाची सावली शेतात उभी केली. जिनसेंगला कडक ऊन सोसत नाही. सुमारे पाऊण ऊन अडवावं लागतं. मांडवाखाली पीक तीन-चार वर्षांत काढणीला येऊ लागलं, पण दाटीमुळे बुरशीही फैलावली. एकदा पीक काढलेल्या जमिनीत ते पुन्हा नीट येईना.

म्हणून परसात मेपलची झाडं असलेले उत्तर अमेरिकेतले अनेक हौशी बागाईतदार आज रानाचीच रीत पाळतात. पाणी न साचणारा उतार निवडायचा, पालापाचोळा बाजूला सारून बी बोटाच्या पेराहून कमी खोलीवर विरळ टोकायचं आणि पाचोळा परत पांघरायचा. मेपलच्या पानांतून मातीला चुनाही मिळतो. झाडावरून गळालेलं बी दीड वर्षानं उगवतं. मूळ काढण्याजोगं व्हायला सात ते दहा वर्षं लागतात. हा काळ कमी करू पाहणाऱ्यांनी आधी व्यापार गमावला, मग रान आणि मग जमीन. जिनसेंग लावायचं तर ही वर्षं खर्चात धरूनच लावावं.