सुरात सांगितलेली गोष्ट

गोष्ट वाचून झाली की पुस्तक मिटतं. तीच गोष्ट कुणी सुरात सांगितली, तर ती घरात मुक्कामालाच येते. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पोथी ओवीच्या चालीवर लागते, दशावतार रात्रभर चालतो, आणि ज्यांनी पुराण कधी हातात धरलं नाही त्यांनाही ते ठाऊक असतं.

2005 साली अमेरिकेत असाच एक प्रयोग झाला. सी. एस. लुईस या लेखकाची 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' ही 1950ची मुलांसाठीची कादंबरी. चार भावंडं एका कपाटातून नार्निया नावाच्या जगात जातात. तिथे चेटकिणीमुळे हिवाळा सरतच नाही. त्यातला एक मुलगा मिठाईच्या लोभाने फितूर होतो. त्याला वाचवायला अस्लान हा सिंह स्वतः मरण पत्करतो आणि पुन्हा जिवंत होतो. पाठीमागची येशूची कथा मोठ्यांना ओळखू येते. मुलांना सिंहच पुरतो. या गोष्टीवरचा चित्रपट डिसेंबरात आला. त्याआधीच, सप्टेंबरात, निरनिराळ्या ख्रिस्ती गायकांनी गोष्टीवरून सुचलेल्या गाण्यांचा संग्रह निघाला. रिबेका सेंट जेम्सने सिंहावर गाणं केलं, तर डेव्हिड क्राउडर बँडने चक्क त्या मिठाईवर, 'टर्किश डिलाईट'वर!

मला याचं कौतुक वाटलं, नवल वाटलं नाही. कारण ख्रिस्ताची कथा लोकांच्या ओळखीच्या साच्यात घालून गाण्याचं काम आपल्या शेजारी, गोव्यात, चारशे वर्षांपूर्वी झालं होतं. आणि तेही आपल्या मराठीत.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि 1619 साली वारला. साष्टी भागात तेव्हा नवे ख्रिस्ती झालेले लोक होते. पोर्तुगीज सत्तेने त्यांची देवळं पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी घातली होती. धर्म बदलला, पण पुराण ऐकण्याची सवय कशी बदलणार? ग्रंथाच्या आरंभीच हे लोक पाद्रीकडे पोथीच्या जागी काहीतरी वाचायला मागतात. त्यातून 'ख्रिस्तपुराण' उभं राहिलं. दोन भाग, जवळजवळ अकरा हजार ओव्या. स्वर्गाला शब्द हवा, तर स्टीफन्स सरळ 'वैकुंठ' म्हणतो. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून 1616 साली ते रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे 1649 आणि 1654 साली पुन्हा छापलं.

एकाच सत्तेने लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या आणि त्याच सत्तेच्या छायेत ही पोथी जन्मली, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे तर त्याच सत्तेची नजर या भाषेकडे वळली. 1684 साली व्हाइसरॉयने स्थानिक बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावं, असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत हाती लागलेली नाही.

मग ग्रंथ वाचला कसा? गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखितं जपली. त्यांच्याच आधारे 1907 साली तिथे तो पुन्हा छापला गेला. लंडनच्या मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी प्रतही निघाली. पुण्यात 1956 साली शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली. हुकमाने भाषा मरत नाही. ती म्हणणारं माणूस घरात राहिलं नाही, की मात्र मरते.

आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबंही मूळची गोव्याचीच. नार्नियाची गाणी निघाली त्याच 2005 साली सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. हा योगायोग खरा, पण त्यावरून मला एक सुचतं. गोव्याकडच्या ख्रिस्ती लग्नांत रोसाच्या वेळी बायका वोव्या म्हणतात. शब्द वोवी, आपली ओवीच ती! आपल्या गावात अशा वोव्या येणारी आजी असेल, तर तिच्यापाशी बसून त्या उतरवून घ्या, फोनवर तिचा आवाजही भरून ठेवा. अमेरिकेतल्या गाण्यांच्या तबकड्या कुणीतरी जपेल. आपल्या आजीचा गळा जपायला मात्र बाहेरून कुणी येणार नाही.