प्रवाळाला पुरेल तो उजेड

खाऱ्या पाण्याच्या खोल टाक्यांमधल्या उजेडाचा इतिहास बहुधा दिव्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी ऊन, मग ट्यूबलाइट, मग मेटल हॅलाइडचे दिवे आणि शेवटी एलईडी. क्रम खरा आहे, पण बदल का झाले हे त्यातून कळत नाही. माझ्या मते प्रत्येक वळणावर निर्णायक ठरला तो एकच प्रश्न: हा उजेड कोणासाठी? एकोणिसाव्या शतकात त्याचे उत्तर होते, बघणाऱ्यांसाठी. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात उघडलेले मत्स्यालय लोखंड आणि काचेचे होते, चहूबाजूंनी उजेड घेणारे. खाऱ्या पाण्याच्या टाकीला असा मोकळा उजेड मानवत नाही. पाणी तापते आणि शेवाळ माजते. विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी 1871 च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात टाक्यांखाली अंधारा हौद बांधला आणि पाणी त्यातून सतत खेळते ठेवले. प्रेक्षकांचे दालन अंधारे, उजेड फक्त वरून टाकीत, ही रचनाही त्याच काळात रुळली. म्हणजे या विद्येचा पहिला मोठा धडा उजेड आवरण्याचा होता.

प्रवाळ पाळायची वेळ आली तेव्हा हिशोब उलटला. उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, आणि ते उजेडावर बनवते त्या अन्नावर प्रवाळ मोठ्या प्रमाणात जगते. इथे आक्षेप येईल की शक्तिशाली दिव्यांशिवाय हे साधलेच नसते, मग श्रेय दिव्यालाच का नको? युरोपच्या घरांपुरते ते खरे आहे. पण जकार्तामध्ये ली चिन एंग यांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्यावर टाकीत प्रवाळ जगवले, आणि 1961 मध्ये ती पद्धत लिहून प्रसिद्ध केली. दुसरा पुरावा मला अधिक बोलका वाटतो. मेटल हॅलाइडचे दिवे 1960 च्या दशकातच बाजारात होते, तरी जर्मनीतल्या हौशी मंडळींच्या टाक्यांवर ते रुळायला 1980 चे दशक उजाडले. प्रवाळ उजेडावर पोसले जाते हे ध्यानात घेऊन टाकी मांडणारी माणसे आली, तेव्हा त्या दिव्यांचा खरा उपयोग झाला.

खोली वाढली की हा प्रश्न अवघड होतो. समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच विरतो आणि निळा खोलवर जातो, म्हणून खोल टाकीत फक्त रंगाचा विचार करावा असे अनेकांना वाटते. पण मीटर-दीड मीटर स्वच्छ पाणी प्रकाश फारसा शोषत नाही. तळाशी उजेड कमी पडतो तो मुख्यतः दिव्याचा झोत पसरल्यामुळे. म्हणून अशा टाकीत आधी झोताचा कोन पाहावा, वॉट नंतर. अरुंद भिंगाचा एलईडी तळ गाठतो, मात्र कडेला गडद सावल्या पाडतो. त्यासाठी दिवे संख्येने अधिक आणि विखरून लावावे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले 2008 चे प्रवाळ दालन 25 फूट खोल आहे. तिथे दिव्यांच्या जोडीला छतातल्या झरोक्यांतून येणारे ऊनही कामाला लावले आहे.

मग तळापर्यंत सारखाच उजेड पोचेल असा जबर दिवा लावून मोकळे का होऊ नये? कारण त्याची किंमत वरच्या थरातले प्रवाळ मोजते. अतिउजेडाने आतल्या शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि प्रवाळ पांढरे पडते. जोडीला दिव्याची उष्णता असली तर ते आणखी लवकर होते. शिवाय खऱ्या प्रवाळभिंतीवरही उजेड कुठे सारखा असतो? अ‍ॅक्रोपोरासारख्या उजेडाच्या भुकेल्या जाती वर ठेवाव्यात, मंद उजेडात जगणाऱ्या खाली. खडकाच्या कपारीत ट्यूबास्ट्रिया शोभते. तिच्यात शैवाल नसतेच, तिला हाताने खाऊ घालावे लागते, आणि तिच्यासाठी एकही जादा दिवा लागत नाही.