पेशी : नांव आणि वस्तु

शास्त्रांतील कांहीं नांवें अपुऱ्या दर्शनावरून पडतात, आणि पुढें खरें कळलें तरी बदलत नाहींत. आपण जिला पेशी म्हणतों तिचें ‘सेल’ हें इंग्रजी नांव याच जातीचें. इ. स. १६६५ त रॉबर्ट हूक यानें ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथांत बुचाच्या पातळ कापाचें वर्णन केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं मधाच्या पोळ्यासारखीं रिकामीं घरें त्यास दिसलीं. त्यांस त्यानें सेल, म्हणजे कोठडी, म्हटलें, व एका घन इंचांत अशा कोठड्या सुमारें सव्वाशें कोटि भरतात असा हिशेबही मांडला. परंतु बूच मृत असतें. हूकनें मोजल्या त्या भिंती. आंतले बिऱ्हाडकरू केव्हांच गेलेले होते. ओल्या झाडांच्या कोठड्यांत रस असतो हें त्यानेंही पाहिलें होतें, तरी नांव राहिलें तें भिंतीवरूनच.

ही भिंत फसवी ठरली. वनस्पतिपेशीस पातळ पटलाबाहेर सेल्युलोजचें जाड कवच असतें, म्हणून ती चटकन् डोळ्यांत भरते. (कापसाचा एकेक तंतु म्हणजे सरकीवरील एकाच लांबलेल्या पेशीची अशी भिंत होय, सुती वस्त्रें नेसणारे आपण हीं कवचेंच पांघरतों.) प्राणिपेशीस केवळ तें पटल, आणि तें भिंगांस दिसेना. मग दोहोंची घडण एकच हें ओळखावें कशावरून? खूण सांपडली ती आंत. १८३१ त रॉबर्ट ब्राउन यानें ऑर्किडच्या पेशींतील अपारदर्शक ठिपक्याकडे लक्ष वेधलें; तेंच केंद्रक. १८३८ त श्लायडेननें वनस्पतींच्या घडणींत त्यास मोठें स्थान दिलें. एकदां भोजनाच्या वेळीं त्यानें ही गोष्ट थिओडोर श्वान यास सांगितली, तेव्हां बेडूकमाशाच्या पृष्ठरज्जूंत आपण असेंच कांहीं पाहिल्याचें श्वानला आठवलें. मग भिंत न शोधतां त्यानें प्राण्यांच्या शरीरांत केंद्रकाचाच माग काढला, आणि १८३९ त त्याचा ग्रंथ निघाला. केंद्रक तरी सर्वत्र असतें असें नाहीं. जंतूंत तें नसतें, व आपल्या पक्व तांबड्या रक्तपेशी तें टाकून देतात. पण त्या वेळीं ही खूण पुरेशी झाली.

पेशी जन्मते कशी, येथें मात्र दोघेही चुकले. मिठाच्या पाण्यांत खडे धरतात तशा पेशी रसांतून जमून येतात, असें त्यांस वाटे. बर्लिनच्या रॉबर्ट रेमाकनें कोंबडीच्या गर्भांतील रक्तपेशी विभागतांना पाहिल्या, व १८५२ त पेशी पेशीच्या विभाजनानेंच होते असें प्रतिपादन केलें. रेमाक ज्यू होता आणि धर्म सोडावयास तयार नव्हता. प्रशियांत त्यास पूर्ण प्राध्यापकपद कधींच मिळालें नाहीं. १८५५ त फिर्खोनें तोच सिद्धान्त सुटसुटीत लॅटिन सूत्रांत मांडला, पण रेमाकचें ऋण नमूद केलें नाहीं. क्रमिक पुस्तकांत श्लायडेन, श्वान, फिर्खो हीं नांवें एका दमांत येतात. हा न्याय आम्हांस पटत नाहीं. फिर्खो १८५६ त बर्लिनास प्राध्यापक झाला. रेमाकला १८५९ त दुय्यम प्राध्यापकी मिळाली, आणि सहा वर्षांनीं तो वारला.