नॅससाठी हार्ड डिस्कची निवड

नॅस म्हणजे घरातल्या राउटरला जोडलेली, स्वतःचा प्रोसेसर असलेली साठवणपेटी. तिच्या कप्प्यांत दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क बसवल्या की घरातले फोटो, चित्रफिती आणि कागदपत्रे सगळ्यांना एकाच जागी मिळतात. बहुतेक पेट्या रिकाम्याच विकल्या जातात. डिस्क ग्राहकाने आणायची असते. ३.५ इंची, साटा जोडणीची डिस्क अशा जवळजवळ कोणत्याही पेटीत बसते आणि सुरूही होते. पण बसणे वेगळे आणि वर्षानुवर्षे नांदणे वेगळे.

निवडीतला कळीचा मुद्दा आहे लेखनपद्धतीचा. सीएमआर पद्धतीत तबकडीवरचे माहितीचे माग एकमेकांना न झाकता शेजारी शेजारी असतात. एसएमआर पद्धतीत ते कौलांसारखे एकावर एक सरकवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते. छपरातले मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात. तसेच इथे एक माग पुन्हा लिहायचा तर त्याला झाकणारे पुढचे मागही पुन्हा लिहावे लागतात. अधूनमधून प्रती ठेवायला अशी डिस्क चालते. मात्र नॅसमधल्या डिस्कांचा सहसा एक संच केलेला असतो, ज्यात एक गेली तरी तिची माहिती इतरांवरून उभी करता येते. संचातली एक डिस्क मेली की तिच्या जागी आलेल्या नव्या डिस्कवर उरलेल्या डिस्कांवरून सारी माहिती सलग भरली जाते, आणि नेमकी त्या वेळी एसएमआर डिस्क धापा टाकते.

एप्रिल २०२० मध्ये उघडकीस आले, की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि तसे माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. जुनी ४ टेराबाइटची डिस्क डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स, नवी डब्ल्यूडी४०ईएफएएक्स: लेबलवर एका अक्षराचा फरक. नवीची कॅश ६४ ऐवजी २५६ मेगाबाइट, म्हणजे कागदावर तीच सरस दिसे. सर्व्ह द होम या संकेतस्थळाने झेडएफएस या साठवणप्रणालीच्या संचात नवी डिस्क भरून पाहिली तेव्हा साडेनऊ दिवस लागले. सीएमआर डिस्कांचे तेच काम एका दिवसाच्या आत झाले. इतके दिवस संच अर्धवट संरक्षणावर चालणार आणि मालकाला त्याचे कारणही ठाऊक नसणार, ही गोष्ट गंभीर होती. त्याच वर्षी कंपनीने सीएमआर डिस्कांना रेड प्लस हे वेगळे नाव दिले. म्हणून दुकानात मालिकेचे नाव सांगून थांबू नये. पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन लेखनपद्धत तपासावी. सीगेटच्या आयर्नवुल्फ डिस्क सीएमआर आहेत.

दुसरा मुद्दा हट्टाचा. संगणकातली साधी डिस्क खराब जागा वाचण्यासाठी मिनिटभरही झगडत राहते, कारण तिच्याकडे दुसरी प्रत नसते. संचात ती असते, म्हणून नॅसच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानतात आणि माहिती इतर डिस्कांवरून उभी केली जाते. साधी डिस्क अडून बसली तर संच चालवणारा नियंत्रक तिला मेलेली समजून संचाबाहेर काढू शकतो.

नॅस डिस्क चोवीस तास फिरण्यासाठी आणि शेजारच्या डिस्कांची थरथर सोसण्यासाठीही बनवलेल्या असतात. दोन कप्प्यांपेक्षा आठ कप्प्यांच्या पेटीत याला जास्त महत्त्व. क्षमता शक्यतो सारखी घ्यावी, कारण पारंपरिक संचात सर्वांत लहान डिस्कचेच माप सगळ्यांना लागते. ४ टेराबाइटची डिस्क पेटीत ३.६३ दिसली तर फसवणूक नाही. मोजणीचा पाया हजाराऐवजी १०२४ आहे.

पेटीच्या उत्पादकाची सुसंगत डिस्कांची यादी खरेदीपूर्वी पाहावी. काही जुन्या पेट्यांना मोठ्या डिस्क ओळखता येत नाहीत, ते तिथे कळते. यादी हा सल्ला असावा, कुलूप नसावे. सिनॉलॉजी या नॅस-उत्पादकाने २०२५ मध्ये प्लस मालिकेच्या नव्या पेट्यांत यादीबाहेरच्या डिस्कांवर निर्बंध घातले होते; ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सैल केले.

डिस्क घरी आली की माहिती भरण्याआधी पूर्ण पृष्ठभागाची चाचणी लावावी. ४ टेराबाइटला एका फेरीस सात-आठ तास लागतात, रात्री लावून झोपावे. सकाळी डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या स्मार्ट नोंदींत बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा आकडा शून्याहून अधिक दिसला, तर परतीची मुदत संपण्याआधी ती डिस्क दुकानात पोचती करावी.